१७ जानेवारीचा दिनविशेष: फळ्यावर काय लिहायचं आणि काय गाळायचं

टिळकवाडीचा फळा

बेळगावातल्या वाचनालयांच्या आणि मराठी शाळांच्या दारातल्या फळ्यावर १७ जानेवारीची पहिली ओळ ठरलेली असते: हुतात्मा दिन. पंचाईत होते ती त्याखालच्या ओळींची. फोनवर फिरणाऱ्या तयार याद्या उतरवून घेतल्या की या एकाच तारखेत चार-पाच तऱ्हांच्या चुका शिरतात, आणि त्या दिसायला अगदी बरोबर दिसतात. म्हणून हा धागा. नोंदी टाका, पण प्रत्येक नोंदीसोबत ती तारीख कुठल्या कालगणनेतली आणि कुठल्या गावच्या घड्याळातली हेही लिहा.

सुरुवात घरच्या नोंदीपासून. सोमवार, १६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई शहर केंद्रशासित ठेवणार असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, बेळगावात आंदोलकांवर गोळीबार झाला. या ओळीत हमखास होणारी चूक म्हणजे 'म्हैसूर सरकारचे पोलीस' किंवा थेट 'कर्नाटक पोलीस'. त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यात होतं आणि मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तो १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे साडेनऊ महिन्यांनी. त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला. तेव्हा १९५६ च्या ओळीत 'कर्नाटक' हा शब्द कुठल्याच बाजूने बसत नाही.

दुसरी चूक आकड्याची. १०५, १०६, १०७ हे आकडे संयुक्त महाराष्ट्राच्या सगळ्या आंदोलनातल्या हुतात्म्यांचे म्हणून सांगितले जातात. ते एका दिवसाचे नाहीत आणि एका गावाचेही नाहीत. बेळगावच्या ओळीत ते घालू नयेत.

पंचांग_शहापूर

पहिली चाळणी वाराची लावा. १७ जानेवारीपुरती युक्ती सोपी आहे, कागदसुद्धा लागत नाही.

सालाचे शेवटचे दोन आकडे घ्या. त्यातून १ वजा करून ४ ने भागा, येणारा पूर्णांक त्या दोन आकड्यांत मिळवा आणि बेरजेला ७ ने भागा. बाकी ० आली तर बुधवार, १ गुरुवार, २ शुक्रवार, ३ शनिवार, ४ रविवार, ५ सोमवार, ६ मंगळवार.

१९५६ घ्या. ५५ भागिले ४ म्हणजे १३. ५६ अधिक १३ म्हणजे ६९, बाकी ६, मंगळवार. जुळलं. २००० नंतरच्या सालासाठी दोन आकड्यांत आधी १०० मिळवा: २०१० साठी ११० अधिक २७ म्हणजे १३७, बाकी ४, रविवार. ज्योती बसू गेले तो दिवस रविवारचाच. हा हिशेब १९०१ ते २०९९ पर्यंत चालतो.

१ आधी वजा करायचा तो एवढ्यासाठी की लीप वर्षाचा जादा दिवस फेब्रुवारीत येतो, जानेवारीत त्याचा परिणाम नसतो. बहुतेकांचं इथंच चुकतं. वजाबाकी विसरली तर फक्त लीप सालात उत्तर एका दिवसाने पुढे जातं आणि बाकी सालांत बरोबर येतं, त्यामुळे चूक लक्षात येत नाही.

वार जुळला म्हणजे तारीख खरी ठरली असं नाही बरं का. पण छापील स्रोतात वार दिलेला असेल आणि तो जुळत नसेल, तर त्यातलं काहीतरी एक नक्की चुकलेलं आहे.

अनगोळ नाका

जन्माच्या नोंदीत आपल्या माणसाला आधी जागा द्या की. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. देवळालीत शाळामास्तर. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालेलं. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक त्यांचाच. तयार याद्यांत त्यांच्या आधी हॉलिवूडचे चार नट येतात, याला काय म्हणायचं!

नुसतं 'थोर गणिती' लिहून मुलं थांबत नाहीत. खाली एक ओळ कृती द्या: चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तराला पुन्हा तेच. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथंच फिरत राहतं.

त्यांचं जन्मसाल घेऊन बघा:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुऱ्या सात पायऱ्या, म्हणजे सगळ्यात लांबचा रस्ता! १७०१ घेतलं, म्हणजे आजची तारीख आणि महिना, तर चारच. १९५६ ला तीन.

मुलांचं चुकतं ते शून्यापाशी. २१११ घेतलं तर २१११ − १११२ = ९९९ येतं, मुलं तीन अंकांवरच पुढे जातात आणि ० हाती येऊन 'जमत नाही' म्हणतात. ते ०९९९ असं चार अंकी धरायचं: ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४. फळ्यावर 'शून्य गाळू नका' एवढे तीन शब्द घाला.

खानापूर रस्ता

बेंजामिन फ्रँकलिन कुणी घातला नाही का अजून? जन्म बॉस्टन, १७ जानेवारी १७०६. काही पुस्तकांत ६ जानेवारी १७०५ असतं. दोन्ही खरं. तेव्हा इंग्रजांच्या मुलखात ज्युलियन, म्हणजे जुनी, कालगणना चालायची आणि त्यांचं कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणून तारखेत ११ दिवसांचा फरक आहे आणि सालात एकाचा. इंग्रजांनी बदल केला १७५२ मध्ये: २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर.

घोटाळा होतो तो अर्धी दुरुस्ती केली की. '१७ जानेवारी १७०५' असं छापलेलं दिसलं तर समजायचं, कुणीतरी दिवस बदलला आणि साल तसंच ठेवलं.

निपाणी पेठ

रशियन नोंदींत याहून मजा आहे. १७ जानेवारीच्या यादीत नाटककार चेखव येतो. नाट्यदिग्दर्शक स्टानिस्लाव्हस्कीही येतो. दोघांतला एकच खरा.

स्टानिस्लाव्हस्की जन्मला जुन्या गणनेने ५ जानेवारी १८६३ ला, नव्या गणनेने १७ जानेवारी. तो ठेवा. चेखवचा १७ जानेवारी १८६० हा जुन्या गणनेतलाच आहे, नव्या गणनेने २९ जानेवारी. तो काढा आणि २९ च्या फळ्यासाठी राखून ठेवा.

आता पुढचं. 'चेरी ऑर्चर्ड' या त्याच्या नाटकाचा मॉस्कोतला पहिला प्रयोग १९०४ मध्ये त्याच्या वाढदिवशीच झाला, जुन्या गणनेने १७ जानेवारीला. नव्या गणनेत मात्र ती तारीख ३० जानेवारी. एकाच माणसाचा वाढदिवस २९ ला आणि त्याच वाढदिवशी झालेला प्रयोग ३० ला! कारण एकोणिसाव्या शतकात दोन गणनांतला फरक १२ दिवसांचा होता आणि विसाव्यात १३ चा. ज्युलियनमध्ये १९०० हे लीप साल, ग्रेगोरियनमध्ये, म्हणजे आजच्या नव्या गणनेत, नाही, त्याचा हा एक दिवस. सरसकट १३ मिळवणारे चेखवला ३० तारखेला जन्माला घालतात.

रशियात बदल झाला १९१८ ला: ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी. त्यानंतरच्या रशियन तारखांना हात लावायचा नाही.

कॅम्पातला वाचक

मग शिवकालाच्या तारखांचं काय? तिथंही हे करायचं का?

पंचांग_शहापूर

तिथं करायचं नाही, कारण रूढ झालेल्या इंग्रजी तारखा ज्युलियनच आहेत. राज्याभिषेक ६ जून १६७४, जन्म १९ फेब्रुवारी १६३०, दोन्ही ज्युलियन. ग्रेगोरियनने राज्याभिषेकाची १६ जून आणि जन्माची १ मार्च होते. सगळा महाराष्ट्र आणि आपला सीमाभाग ६ जून पाळतो, फळाही त्यालाच धरून असावा. मात्र शेजारच्या ओळीत त्याच काळातली फ्रेंच किंवा पोर्तुगीज नोंद असेल तर ती ग्रेगोरियन असते हे ध्यानात ठेवा. गोव्याचे कागद आपल्याला जवळचे, त्यामुळे हा प्रश्न इथं नेहमी येतो. पोर्तुगालने १५८२ लाच नवी गणना घेतली होती. मराठी साधनांतली रूढ इंग्रजी तारीख आणि पोर्तुगीज पत्राची तारीख यांत १६८० च्या सुमारास १० दिवसांचं अंतर दिसलं तर दोन वेगळ्या घटना समजू नयेत.

याच आठवड्यातलं एक उदाहरण. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक १६ जानेवारी १६८१, माघ शुद्ध ७, शके १६०२. चंद्राचा हिशेब घातला तर शुद्ध सप्तमी ज्युलियन १६ जानेवारीलाच पडते, ग्रेगोरियन १६ ला पडत नाही. तारीख कुठल्या गणनेतली ते ठरवायला तिथी अशी कामाला येते.

शके आणि इसवी सनाबद्दलही सांगून ठेवतो. शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं. जानेवारी ते चैत्र पाडवा या काळासाठी ७९ मिळवायचे: १६०२ अधिक ७९ म्हणजे १६८१. पौष महिना मधेच अडतो. त्याचा एक भाग डिसेंबरात आणि एक जानेवारीत येऊ शकतो, म्हणून पौषातल्या तिथीला आधी इंग्रजी महिना काढा आणि मग ७८ की ७९ ते ठरवा. जुन्या वह्यांतली नोंद एका वर्षाने सरकते ती बहुधा इथंच.

सरकारी कागदावर दिसणारा 'पौष २७' ही वेगळीच गोष्ट. तो राष्ट्रीय सौर दिनांक, दर साली १७ जानेवारीलाच येतो. पंचांगातल्या पौषाशी त्याची सांगड घालू नका. शिवाय ही दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली, म्हणून १९५६ च्या नोंदीपुढे सौर दिनांक लिहिणं चूक.

टिळकवाडीचा फळा

संक्रांतीचंही घ्या की जाता जाता. 'पानिपत संक्रांतीच्या दिवशी झालं' हे वाक्य १४ जानेवारीच्या फळ्यावर हटकून येतं.

पंचांग_शहापूर

१४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध ८, बुधवार हे बरोबर. त्या दिवशी संक्रांत नव्हती. संक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली, असल्यामुळे साधारण ६० ते ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १७६१ मध्ये ती १० जानेवारीच्या आसपास होती. आजची १४ किंवा १५ तारीख मागे नेऊन चिकटवली की असं वाक्य तयार होतं. 'संक्रांत कोसळली' हे बोलण्यापुरतं ठीक आहे.

रेल्वे फाटक

घड्याळाचा मुद्दा राहिला. १९९१ चं आखाती युद्ध कुठे १६ जानेवारी दिसतं, कुठे १७. पहिला हल्ला बगदादच्या वेळेने १७ ला पहाटे अडीचच्या सुमारास. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा १६ ची संध्याकाळ होती, आपल्याकडे १७ ची पहाट, पाच वाजून गेलेले. माझा नियम: घटना जिथं घडली तिथली तारीख. त्या नियमाने १७ बरोबर.

कोबे भूकंपही १७ चाच, १९९५, पहाटे ५.४६, तीव्रता ६.९, बळी ६,४०० हून अधिक. बरोबर एक वर्ष आधी, १७ जानेवारी १९९४ ला पहाटे साडेचारला लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप, तीव्रता ६.७. याद्यांत या दोघांची सालं आणि बळींचे आकडे हमखास अदलाबदल होतात. कोबे मंगळवार, नॉर्थरिज सोमवार. वरच्या युक्तीने पडताळा.

स्कॉट दक्षिण ध्रुवावर पोचला १७ जानेवारी १९१२ ला. 'पहिला' लिहू नका, अमुंडसेन महिनाभर आधी, १४ डिसेंबर १९११ ला पोचला होता. त्याच्या रोजनिशीत १५ डिसेंबर आहे, कारण वाटेत वाररेषा ओलांडली तरी त्याने तारीख बदलली नव्हती.

निपाणी पेठ

लुमुंबा घ्या. कांगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना १७ जानेवारी १९६१ ला कटांगात मारलं. बातमी जाहीर झाली १३ फेब्रुवारीला. त्या वेळच्या वर्तमानपत्रांची कात्रणं बघून नोंद करणारे फेब्रुवारीत लिहितात. मृत्यूच्या नोंदीत बातमीची तारीख शिरणं ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात चिवट चूक. आपल्याकडेही रात्री उशिरा गेलेल्या माणसाची तारीख दुसऱ्या दिवशीच्या अंकावरून उचलली जाते.

अनगोळ नाका

मनोरंजनवाल्यांची यादी मी एका दमात देतो, लांबवत नाही: एल. व्ही. प्रसाद १९०८, एम. जी. रामचंद्रन १९१७, कमाल अमरोही १९१८, मुहम्मद अली १९४२, जावेद अख्तर १९४५. यातला एमजीआरचा जन्म तमिळनाडूतला नव्हे, श्रीलंकेत कँडीजवळच्या नावलपिटियातला. अलीचं जन्मनाव कॅशियस क्ले, 'मुहम्मद अली यांचा जन्म' लिहिलं तरी चालतं. मृत्यूंत सुचित्रा सेन २०१४.

खानापूर रस्ता

गौहर जान विसरलात. मृत्यू १७ जानेवारी १९३०, म्हैसूर. १९०२ मध्ये हिंदुस्थानात ध्वनिमुद्रिका निघू लागल्या तेव्हाच्या पहिल्या मोठ्या गायिका. शेवटी म्हैसूर दरबारात होत्या. इथंही 'कर्नाटकात निधन' लिहायचा मोह होतो. म्हैसूर तेव्हा संस्थान होतं आणि बेळगाव मुंबई इलाख्यात, दोन्ही वेगळे कारभार.

कॅम्पातला वाचक

गावातल्या माणसांचे जन्मदिवस घालायचे असतील तर कागद कुठला धरावा? दाखला की पंचायतीचा उतारा?

टिळकवाडीचा फळा

दोन्ही असतील तर जन्मनोंदीचा उतारा आधी, शाळेचा दाखला नंतर. जुन्या दाखल्यावर १ जून दिसला की थांबायचं. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की मास्तर १ जून टाकायचे, त्यामुळे एका पिढीतले कितीतरी लोक कागदावर त्याच दिवशी जन्मलेले आहेत. अशा वेळी फक्त साल लिहा, किंवा नोंदच गाळा.

उतारा कन्नडमध्ये असेल आणि शिक्का पुसट असेल तर कन्नड अंकांतले २ आणि ३, तसेच ६ आणि ९ नीट बघा. ते एकमेकांसारखे दिसतात. वार दिलेला असेल तर त्यावरून लावून बघा. शंका राहिली तर कन्नड वाचणाऱ्याला विचारा, अंदाजाने उतरवू नका. जिवंत माणसाचं पूर्ण जन्मसाल फळ्यावर त्याला विचारल्याशिवाय घालायचं नाही, हेही पाळा.

फळ्याची कळा

मजकूर ठरला, आता लिहिण्याचं बोलूया. ४ फूट बाय ३ फूट फळ्यावर सातच्या वर ओळी मावत नाहीत. ३६ इंच उंचीतले ६ इंच मथळ्याला आणि समासाला गेले की ३० उरतात. मूळ अक्षर २ इंच धरा, वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना मिळून आणखी २ इंच. म्हणजे एका ओळीला ४ इंच, ओळी सात. १५-२० फुटांवरून रस्त्यावरच्या माणसाला वाचता येतं. आठवी ओळ घुसडली की वरचा उकार आणि खालची वेलांटी एकमेकांत अडकतात.

नवा किंवा नव्याने रंगवलेला फळा थेट वापरू नका. खडू आडवा धरून सगळ्या फळ्यावर घासा, मग कोरड्या फडक्याने पुसा. हे न करता पहिल्या दिवशी लिहिलेली अक्षरं पुसल्यावरही वर्षभर धूसर दिसत राहतात. ओला खडू उठून दिसतो खरा, पण वाळल्यावर निघत नाही, ओल्या फडक्याने पुसावा लागतो. आणि फळा ओला असताना खडू बसत नाही. जानेवारीत बाहेरच्या फळ्यावर पहाटेचं दव असतं, म्हणून आदल्या रात्री लिहू नका. सकाळी कोरडं फडकं मारून, पंधरा मिनिटं थांबून लिहा.

शिरोरेघा आधी आखून घ्या, दोऱ्याला खडू चोळून दोघांनी दोन टोकं ताणली आणि मधून सोडला की रेघ सरळ उमटते. सालं शेवटी भरा. १ आणि ९ मध्ये घोटाळा होतो: ९ चं पोट मोठं काढा, १ चं डोकं लहान. १९१७ आणि १९९७ मधला फरक हात लागून पुसटला की कळत नाही.

टिळकवाडीचा फळा

मग मसुदा असा करतो. मथळा: १७ जानेवारी, हुतात्मा दिन.

१९५६: बेळगावात (तेव्हा मुंबई राज्य) आंदोलकांवर गोळीबार
१७०६: बेंजामिन फ्रँकलिन, जन्म (जुनी गणना ६ जानेवारी १७०५)
१९०५: गणिती द. रा. कापरेकर, जन्म, डहाणू
करून बघा: १९०५ वरून ६१७४ पर्यंत सात पायऱ्या, शून्य गाळू नका
१९१२: स्कॉट दक्षिण ध्रुवावर, अमुंडसेननंतर
१९३०: गौहर जान, निधन, म्हैसूर
१९९५: कोबे भूकंप, जपान

अनगोळ नाका

फ्रँकलिनच्या ओळीतला कंस फार लांब आहे, चार फुटांत बसणार नाही. तो काढा आणि 'नवी गणना' एवढंच ठेवा.

खानापूर रस्ता

सहाव्या ओळीत 'म्हैसूर' पुढे 'संस्थान' घाला, जागा आहे.